रविवारची माती

आमच्या शेजारचे दत्तूनाना दर रविवारी सकाळी तोंडाला चिखल फासून ओट्यावर बसतात. डोळे, नाकपुड्या आणि ओठ तेवढे उघडे. चिखल वाळेपर्यंत एक अक्षर बोलत नाहीत. एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस त्यांच्या फाटकातूनच मागे फिरला आणि सिलिंडर आमच्या दारात ठेवून गेला. नानांनी त्याला बोटांनी 'दोन मिनिटं थांब' अशी खूण केली होती, पण ते तोंड बघून खुणेचा अर्थ लावायला तो थांबला नाही.

नाना राहुरीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची, यात त्यांचा उभा जन्म गेला. त्यामुळे माणसांकडेही ते जमिनीसारखेच बघतात. आमच्या ह्यांचं टक्कल म्हणजे 'मुरमाड माळ'. माझे गाल 'भारी काळी, पानी धरून ठेवनारी'. स्वतःची हनुवटी 'चोपन, तिथं काय उगवत न्हाई'.

गल्लीतल्या बायका त्यांच्याकडून केसांना लावायची माती नेतात. कडक उन्हात तापवलेली, जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलेली, रिठ्याच्या पाण्यात कालवलेली. चेहऱ्यासाठी मुलतानी माती आणि ताक. देताना नाना बजावतात, "आधी कोपराला लावा. चुनचुनली तर धुवा, न्हाईतर म्होरं बोला."

मात्र कुणी गोरं व्हायची गोष्ट काढली की डबा बंद. मागे पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. "नाना, पुढच्या महिन्यात पाहुणे बघायला येणार आहेत. जरा उजळेल असं काही द्या."

"तसली माती माझ्याकडं न्हाई," नाना म्हणाले आणि आत निघून गेले. बाई रागावून गेल्या. आम्ही म्हटलं, म्हातारा विक्षिप्तच आहे.

गेल्या वर्षी आमच्या मीराच्या चेहऱ्यावर मुरुमं उठली. ती तेव्हा बारावीत होती. आधी ती ओढणी बांधून कॉलेजला जायची, मग जाईचनाशी झाली. वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं होतं. काय, ते तिने मला कधी सांगितलं नाही. आठवडा गेला. जेवणाचं ताटही ती खोलीत मागायला लागली. शेवटी एका रविवारी मी तिला जवळजवळ ओढतच नानांकडे नेलं.

नानांनी तिला उजेडात बसवलं आणि बराच वेळ बघितलं.

"बाई, हे दाने पिकल्यात. ह्याच्यावर माती लावायची न्हाई. कातडीच्या डॉक्टरकडं न्या," ते म्हणाले.

"मग मी जाते," मीरा उठली.

"बस की पोरी. तोंडाला न्हाई, केसांना लावू. आईला लावू दे."

मी तिच्या केसांना माती लावायला लागले. नानांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाला माती लावली नाही. कालवलेल्या मातीची वाटी त्यांच्या मांडीवर तशीच होती. मीरा मान खाली घालून रडायला लागली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी थांबले.

"माझी उषा बी अशीच रडायची," नाना म्हणाले.

उषा त्यांची एकुलती मुलगी. नागपूरला नोकरी करते एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"सावळी हाय ती. तिची आई गेल्यावर स्थळं मीच बघत हुतो. तीन जागी नकार आला. मग मीच रोज सकाळी तिला माती लावून बसवायचो, उजळावी म्हनून. दोन वर्षं. एक दिवस म्हनली, नाना, पाहुन्यांना मी आवडले न्हाई ते जाऊ द्या, पन तुमाला बी आवडत न्हाई का मी? मी म्हनलं, बोलू नकोस, माती तडकंल."

मीराने मान वर केली.

"त्या म्हयन्यातच ती नागपूरला गेली. डबाभर गाळलेली माती राहिली. टाकवंना, म्हनून मी माझ्याच तोंडाला लावली. तोंड आवळून येतं. बोलावं वाटलं तरी बोलता येत न्हाई. तवा समजलं पोरीला कसं हुत असंल ते."

"त्यांना फोन करता का तुम्ही?" मीराने विचारलं.

"दिवाळीला तीच करती. मी काय बोलू?"

"हेच बोला, आत्ता मला सांगितलं ते."

नानांनी मोबाईल तिच्यापुढे धरला. मीराने नंबर लावून दिला. पलीकडून आवाज आला, "नाना? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा हाय," नाना म्हणाले. मांडीवरची वाटी त्यांनी खाली ठेवली. "उषा, माझं चुकलं गं. तुझ्या तोंडाला मी माती लावली ते चुकलं."

मला वाटलं, फोन कट झाला. मग उषाचा आवाज आला, अगदी हळू. "नाना, गुडघा कसा आहे तुमचा?"

नाना गुडघ्याबद्दल सांगू लागले. जिना चढताना काय होतं, डॉक्टर काय म्हणाले, कुठलं तेल चोळतात. त्यांना कुणी इतकं विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मीराच्या केसांतली माती वाळत आली होती. मी तिला हाताला धरून उठवलं आणि आम्ही आवाज न करता फाटक लावून घेतलं.