मोठ्याने बोलणारा सगुण कंडक्टर

आमच्या गावात कॅन्सरला कोणी कॅन्सर म्हणत नाही. 'ते दुखणे' म्हणतात, 'मोठे दुखणे' म्हणतात, आणि अगदीच जवळच्या माणसाचे असेल तर नुसते डोळे मोठे करून गळ्याकडे बोट दाखवतात. सगुण कंडक्टर मात्र हा शब्द भर मासळीबाजारात, बसचा थांबा पुकारावा तसा पुकारतो.

"ओ काकी, तुमच्या घोवाचो कॅन्सर कसो आसा?"

काकींच्या हातातले बांगडे परत टोपलीत पडतात, विकणारी भाव सांगायची थांबते. सगुण तसाच उभा. त्याला खरोखरच उत्तर हवे असते.

साखळी ते पणजी या रस्त्यावर एका खाजगी बसमध्ये त्याने सव्वीस वर्षे कंडक्टरकी केली. त्या इंजिनाच्या वर आवाज चढवता चढवता घसा जो मोठा झाला तो निवृत्तीनंतरही लहान झाला नाही. "फुडें सरा, जागा आसा," हे त्याचे कायमचे वाक्य. देवळातल्या रांगेत तेच, रेशनच्या दुकानात तेच. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांना त्याने असे काही पुढे सरकवले, की नवरामुलगा अंतरपाटाला जाऊन टेकला.

खांद्याला कातडी पिशवी आणि काखेत काळी छत्री, या दोन वस्तूंशिवाय मी त्याला कधी पाहिलेला नाही. पिशवीचे समजण्यासारखे होते, सवय जात नाही. छत्रीचे कोडे होते. भर वैशाखात, शिरगावच्या जत्रेच्या दिवसांत, अंगाची लाही होत असताना तो छत्री घेऊन निघायचा आणि उघडायचा मात्र कधीच नाही, पावसातसुद्धा. बसमधले लोक त्याची थट्टा करत. तो हसून तिकिटे फाडत राही. त्याची थट्टा कशीही करा, त्याला राग म्हणून येत नसे. फक्त त्याच्या बायकोचा विषय निघाला की तो एकदम हळू बोलायचा. शेवंती माहेरी सावंतवाडीकडे गेली आणि तापाने तिकडेच वारली, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

एके दिवशी तो माझ्या शाळेत आला आणि बुधवारी दुपारी तिसरीची खोली मोकळी असते का, असे त्याने सगळ्या वर्गांना ऐकू जाईल अशा बेताने मला विचारले. डिचोलीला राहणाऱ्या फिलोमेनाबाय या निवृत्त नर्सला त्याने गाठले होते. कॅन्सरवर उपचार चाललेल्या माणसांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचे, श्वासाचे व्यायाम शिकवायचे, ऑपरेशननंतर सुजलेला हात कसा चोळायचा ते दाखवायचे, काय खावे ते सांगायचे, आणि शेवटी पेज पिऊन तासभर गप्पा मारायच्या. औषध डॉक्टर देतात, गप्पा कोण देतो, असा त्याचा सवाल होता. मी खोली दिली.

बाईंचे गाडीभाडे, चटया, सुजलेल्या हातावर घालायचे घट्ट पट्टे, यासाठी सगुणने वर्गणी सुरू केली. वर्गणीची त्याची पद्धत म्हणजे अडवणूक. पाववाल्या पोदेराची सायकल अडव, लग्नाची वरात अडव. जो देईल त्याला पिशवीतल्या जुन्या गठ्ठ्यातले एक तिकीट फाडून मिळे, साखळी ते पणजी. याचे काय करू, असे कोणी विचारले की, "दवर, उपेगाक पडटलें," म्हणजे ठेव, कामाला येईल, असे सांगून पुढे सरकायचा. मीही अशी नऊ तिकिटे बाळगून आहे.

पैसे येत होते, पण माणसे येत नव्हती. पहिले कित्येक बुधवार दोघेच आले, आणि दोघेही धारगळचे. तिथून इतक्या लांब का येता, असे मी विचारले तर म्हणाले, इथे आम्हाला कोणी ओळखत नाही म्हणून. आमच्या गावचे आजारी बहुधा कुणी ओळखत नसेल अशा तिसऱ्याच गावी जायला तयार झाले असते. शेवटी फिलोमेनाबाय स्पष्टच बोलल्या. गणेशचवथीपर्यंत बघू. गाडीभाड्याची वर्षभराची सोय झाली नाही आणि गावची माणसे आली नाहीत, तर दोघांसाठी ही धावपळ बंद करू. सगुण त्या दिवशी प्रथमच वाटेत कोणालाही न अडवता घरी गेला.

मग त्याला पावणी सुचली. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली फळे, काकड्या, चिबूड, नारळाच्या पेंडी म्हणजे घोस टांगतात. सार्वजनिक गणपतीच्या माटोळीतली ही फळे विसर्जनाच्या दिवशी लिलावात जातात, तीच पावणी. प्रसादाची वस्तू असल्याने पाच रुपयांची काकडी पन्नासाला जाते, आणि दोन वैरी समोरासमोर असले तर दोनशेला. हे पैसे दरवर्षी नाटकाला जायचे. यंदा ते बुधवारला द्या, असे सगुणने मंडळाच्या बैठकीत मांडले.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती आणि गावात मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांचा चहासुद्धा पीत नव्हते. पावणीचा फलक कोणत्या भाषेत लिहायचा यावर दोन तास भांडण झाले. पण त्यावर कॅन्सर हा शब्द नको, यावर दोन्ही पक्षांचे एका क्षणात एकमत झाले. अध्यक्ष दत्ताराम शेट यांनी तर अटच घातली. पैसे देऊ, पण कर्ण्यावर तो शब्द उच्चारायचा नाही. शेट म्हणजे खाणीवर स्वतःचे ट्रक असलेली मोठी असामी, त्यांच्यापुढे कोण बोलणार? सगुण छत्रीच्या मुठीकडे बघतच हो म्हणाला.

पावणीच्या दुपारी कर्णा सगुणच्या हातात. त्याला कर्ण्याची गरज नव्हती हा भाग वेगळा. चिबूड काय, तोरिंग काय, त्याने फळांची अशी तारीफ केली की झाडांनीसुद्धा लाजावे. दोन साडूंना भिडवून त्याने एक दुधी भोपळा सव्वातीनशेला घालवला. फक्त, हे पैसे कशासाठी, असे सांगायची वेळ आली की तो, "बुधवारच्या कामाखातीर," म्हणून घोटभर पाणी प्यायचा. अर्धी कळशी त्याने एकट्याने संपवली.

शेवटी राहिली नारळांची पेंड. ती दरवर्षी शेटच घेतात आणि त्यांच्यावर कोणी बोली चढवत नाही, तसा रिवाजच आहे. शेटनी पाचशे सांगितले. सगुण म्हणाला, "एक बार. दोन बार."

"हजार."

आवाज बायकांच्या बाजूने आला होता. सावित्रीकाकी, शेटची बायको, उभी होती. नवऱ्यावर बायकोने बोली चढवली म्हणून मंडपात हशा पिकला. मधले दोन महिने काकी मुंबईला मुलीकडे होती. परत आली तेव्हा वाळली होती, तिकडचे पाणी मानवले नाही असे शेट सांगत आणि आम्हीही मान डोलवत होतो.

पावणीत बोली कोणाची आणि कोणाच्या नावाने, ते पुकारावे लागते. सगुणने रिवाजाप्रमाणे विचारले. काकीने डोक्यावरचा पदर खाली घेतला. डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले बोटभरसुद्धा नसलेले केस होते.

"सावित्री," ती म्हणाली. "म्हज्याच नांवान. माका कॅन्सर आसा. हांव बुधवारी येतलें, सगळ्यांक आयकूं दी."

'तीन बार' म्हणायचे होते आणि सगुणच्या तोंडून ते निघेना. ज्या घशाने सव्वीस वर्षे इंजिनावर मात केली, तो घसा बसला होता. मी शेटकडे बघितले. ते खाली मान घालून उभे होते. मग त्यांनी हात पुढे केला, सगुणच्या हातातला कर्णा घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "तीन बार."

घरी जाताना सगुण माझ्याबरोबर होता. ओढ्याच्या साकवावर तो थांबला.

"शेवंती म्हायारा गेलीच नाशिल्ली, मास्तर," तो म्हणाला. "तेंच दुखणें तिका. चार म्हयने भितरल्या खोलयेंत आशिल्ली. लोक कितें म्हणटले, म्हणून हांवेंच लिपयली. ती विचारताली, कोणूच कसो येना? हांव म्हणटालों, भायर पावस पडटा. वैशाख चलतालो तो."

तिला कळत नव्हते असे नाही. खिडकी बंद असली तरी ऊन आत येतेच. पण ती त्याला खोटे पाडत नसे. सकाळी तो ड्यूटीवर निघाला की ती पडल्या पडल्या सांगायची, पाऊस आहे ना, मग छत्री घेऊन जा. आणि तो घेऊन जायचा. त्या छत्रीवरून बसमध्ये थट्टा करणाऱ्यांत मीही होतो. हे आठवून मला शरमेने मान वर करता येईना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही तसेच घरापर्यंत गेलो.

त्या बुधवारी सकाळपासून मुसळधार पाऊस लागला. आज कोण येणार, असे मी फिलोमेनाबायना म्हणालोसुद्धा. सगुण शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. आधी शेटची जीप आली, शेट स्वतः चालवत होते. मागोमाग देवळाजवळची पोस्टमनची बायको आली, मासळीबाजारातल्या त्या काकी नवऱ्याला हाताला धरून आल्या, आणखी तिघी आल्या. धारगळचे दोघे तर होतेच. सगुणने काखेतली छत्री उघडली. इतक्या वर्षांत मी ती उघडलेली प्रथमच पाहत होतो. एकेकाला तिच्याखाली घेऊन तो वर्गाच्या दारापर्यंत पोचवत होता, आणि स्वतः नखशिखान्त भिजत होता. "फुडें सरा, जागा आसा," हे मात्र चालूच होते.

शेवटच्या माणसाला आत सोडून तो पायरीवर आला, छत्री मिटली आणि पावसाकडे बघत पुटपुटला, "आयलीं गो. पावसांतूय आयलीं."

'गो' तर बाईला म्हणतात, म्हणून मी वळून पाहिले. बायका सगळ्या आत चटयांवर बसल्या होत्या. पायरीवर आम्ही दोघेच होतो.