रविवारचा मासा

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी मासा होतो. काम अवघड नाही. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत उभं राहायचं, चौथ्या मजल्यावरून उतरलेला बारीक तंगूस समोर आला की त्याला दोन बोटांनी हलका चिमटा काढायचा आणि सोडून द्यायचं. वर अण्णांच्या हाताला तो चिमटा कळला, तर "आयितु सार, लागला" अशी कानडी-मराठी हाक येते. कळला नाही तर काहीच येत नाही, आणि मासा उरलेलं वर्तमानपत्र वाचायला घेतो.

पुण्याला गेलो की नातेवाईक विचारतात, बेंगळूरला रविवारी करतोस काय. मी विषय बदलतो.

अण्णांची ओळखही या तंगुसानेच झाली. सर्जापूर रोडच्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी गॅलरीत दात घासत उभा होतो आणि नाकासमोरून शिशाची एक गोळी खाली गेली. गोळीला हिरव्या साटिनची शेपटी होती. ती बागेतल्या मातीला टेकली, वीतभर वर उचलली गेली, जरा थांबली आणि पुन्हा टेकली. मी वर पाहिलं. कठड्यावरून एक टक्कल आणि एक जाड चष्मा खाली वाकले होते.

"सार, स्वल्प ओढा की," टक्कल म्हणालं.

तोंडात ब्रश असताना वाद घालता येत नाही. मी ओढलं.

"एवढं जोरात नाही सार. तो मासा आहे, म्हैस नाही. बोट लावल्यासारखं करा, बस्स."

मराठी कसं काय, असं मी तोंड धुऊन विचारलं, तर उत्तर आलं, "तुमच्या दारावर जोशी वाचलं. मी मोरे. शंकरराव मोरे. अण्णा म्हणा, सगळे तेच म्हणतात." तुम्ही बेंगळूरला कधी आलात, असं मी पुढे विचारलं. ती माझी चूक होती. "आम्ही कुठं आलो? तुम्ही आलात. आम्ही इथंच आहोत की," असं म्हणून त्यांनी गोळी गुंडाळून वर घेतली.

अण्णांचं शिवणकामाचं दुकान चामराजपेटेत होतं. शाळांचे गणवेश, बँडवाल्यांचे झालरीचे कोट, असलं सगळं. पत्नी गेल्या, गुडघे गेले, दुकान बंद झालं. मुलाने, म्हणजे संतोषने, अमेरिकेत बसून हा फ्लॅट घेतला आणि अण्णांना इथे आणून ठेवलं. येताना त्यांनी दुकानातलं एकच पायाचं मशीन बरोबर आणलं. बाकी सामान संतोषने नवं घेऊन दिलं, त्याबद्दल अण्णा "छान आहे, सुम्मने पडलंय" एवढंच म्हणतात. सुम्मने म्हणजे उगाच. हा त्यांचा लाडका शब्द आहे. सोसायटीचा स्विमिंग पूल सुम्मने आहे, माझं ऑफिस सुम्मने आहे, आणि तळ्याकाठी गळ टाकून बसणारे हौशी लोक तर अगदीच सुम्मने.

कारण अण्णांच्या मते मासेमारी एकच. संतोष राहतो तिथे, अमेरिकेत उत्तरेकडे, मोठमोठी तळी आहेत. दसऱ्याच्या सुमाराला तिकडे झाडांची पानं लाल होतात, पाणी गार पडतं आणि वॉलआय नावाचा मासा काठ सोडून तळ्याच्या मध्यभागी खोलात जाऊन राहतो. डोळे काचेच्या गोट्यांसारखे, म्हणून अण्णा त्याला काचडोळ्या म्हणतात. त्याच्या डोक्यावर बोट नेऊन उभी करायची आणि शिशाची गोळी सरळ खाली सोडायची. तळाला टेकली की स्वल्प उचल, स्वल्प सोड. अण्णा दर वर्षी तिकडे जातात तेव्हा हे दिवसभर, आणि गॅलरीतली ही त्याची तालीम.

"आणि मासा ओढतो कधी?" मी विचारलं होतं.

"ओढत नाही, तीच गंमत. तोंडात धरून नुसता राहतो. दोरा स्वल्प जड होतो. ओलं पान लागल्यासारखं. तेवढं कळलं तर मासा. नाही कळलं तर दिवस गेला."

तंगुसाला ते दोराच म्हणतात, आणि पाण्याची खोली वारात मोजतात. काचडोळ्या साधारण दहा वार खाली असतो. चौथ्या मजल्याच्या कठड्यापासून दहा वार मोजले की आमची गॅलरी येते. अण्णांनी हे शिवणकामाच्या टेपने मोजून काढलं आहे. आम्ही ही जागा घेतली ती पूर्वेचं ऊन बघून. तिचा हा गुण बिल्डरने सांगितला नव्हता.

मध्ये तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. एका वाऱ्याच्या सकाळी अण्णांची गोळी तिरकी जाऊन त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत गुंतली आणि चादर वरवर चढू लागली. बाईंनी ती धरली. अण्णांना वाटलं मोठा मासा लागला. बराच वेळ दोन्ही बाजूंनी कोणी सोडेना. शेवटी प्रकरण सोसायटीच्या कमिटीपुढे गेलं. अण्णांनी कन्नडमध्ये माफी मागितली, हिंदीत खुलासा केला आणि मला मराठीत सांगितलं, "वारा असला की दोरा उभा राहत नाही. चूक वाऱ्याची आहे, पण यांना कोण सांगणार." कोणीतरी म्हणालं, गळ लहान मुलाच्या डोळ्याला लागला तर? तेव्हा अण्णांनी खिशातून गोळी काढून टेबलावर ठेवली. गळाचं टोक पकडीने तोडून टाकलेलं होतं. चादर त्या शेपटीत गुंडाळली गेली होती, एवढंच.

"मग याने मासा धरणार कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"धरायचा कशाला?" अण्णा म्हणाले.

कमिटीकडे यावर नियम नव्हता. प्रकरण मिटलं.

मला मात्र चैन पडेना. अण्णा मटण चवीने खातात, पण माशाचा वास सहन होत नाही म्हणून मासळी बाजाराच्या गल्लीतून रिक्षासुद्धा नेऊ देत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मासा धरायचाच नसेल तर ही तालीम कशासाठी? जिन्यात गाठून विचारलं. ते कठड्याला टेकले आणि पहिल्यांदाच जरा हळू बोलले.

"पहिल्या वर्षी मला एक लागला सार. केवढा आनंद झाला. मी भराभरा वर काढला. संतोष म्हणाला, अण्णा, एवढ्या खोलातला वर आणला की त्याच्या पोटातली हवा फुगते, आता सोडला तरी जगत नाही. मी म्हटलं, बघू की. सोडला. तो तसाच पाण्यावर आडवा तरंगत राहिला, डोळे उघडे. आमच्या बोटीबरोबर बराच वेळ आला." मग चष्मा पुसून म्हणाले, "तेव्हा टोक तोडलं. आता तो येतो, दोरा जड होतो, मला कळतं, मी संतोषला सांगतो. तो पण हो म्हणतो. मग मासा आपल्या वाटेने जातो. सरी, ठीक झालं."

"आणि दिवसभर तेवढंच?"

"तेवढंच कसं? दोरा उभा राहायला पाहिजे. त्याला बोट जागच्या जागी धरावी लागते. संतोष मोटर धरतो, मी दोरा धरतो. एकट्याचं काम नव्हे ते."

मग त्यांनी दुकानाचं सांगितलं. संतोष लहान असताना हे पहाटेपासून मशीनवर आणि तो शाळेत. संध्याकाळी तो दुकानात यायचा, तेव्हा यांच्या तोंडात टाचण्या असायच्या. "टाचण्या तोंडात धरून बोलता येत नाही सार. वीस-पंचवीस वर्षं तशीच गेली. बोटीत तोंड रिकामं असतं." एवढं सांगून ते कठडा धरून एकेक पायरी चढू लागले.

दर वर्षी गणपती गेले की संतोष तिकीट पाठवायचा आणि आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, करून अण्णा निघायचे. या वर्षी गणपती गेले आणि तिकीट आलं नाही. काम फार आहे, असं संतोष म्हणाला. तरी अण्णांची तालीम चालू राहिली, उलट वाढली. एरवी रविवारी मासा असणारा मी आता बुधवारीसुद्धा ऑफिसला निघता निघता मासा होऊ लागलो. माझी पत्नी म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांना शोभता.

पण एका सकाळी त्यांनी मला वर बोलावलं आणि स्वतःच विषय काढला. "विद्या फोनवर येत नाही. आमची सून. आधी दोघं चेहरा दाखवायचे. आता नुसता आवाज. आणि आवाज घुमतो. रिकाम्या खोलीत घुमतो तसा."

"विचारा ना मग सरळ," मी म्हणालो. पुण्याचा माणूस आहे, सरळ विचारणं ही आमच्याकडे नागरिकाची जबाबदारी असते.

"बेडा," अण्णा म्हणाले. कन्नडमधला हा नकार त्यांच्या तोंडी फार मऊ येतो. "मला कळलंय, दोरा जड झालाय. मी हिसका मारला तर येईल वर. मग? एवढ्या खोलातलं सार."

मला ते पटलं नाही. बापाने मुलाला एक साधा प्रश्न विचारायला हरकत काय, असं मी घरी येऊन तावातावाने बोललो.

आयुधपूजेच्या सकाळी अण्णांनी प्रसादाला बोलावलं. शिवणाच्या मशीनला कुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. शेजारी कात्री, टेप आणि भिंतीला टेकवून ठेवलेला मासेमारीचा रॉड. रॉडच्या चकरीलाही एक झेंडू खोचला होता. मी हात जोडले. इतके दिवस ज्याचा मासा होतो, त्या हत्यारापुढे जोडावेच लागतात.

तेवढ्यात फोन आला. अण्णांनी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण हाताला कुंकू होतं. मी उठू लागलो तर त्यांनी मानेनेच बसा म्हटलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. झेंडू कुठून आणला, कोहळा फोडला का, तिकडे थंडी किती. संतोषचं मराठी अण्णांसारखंच होतं, मधूनमधून कन्नड. आवाज खरोखरच घुमत होता.

मग तो म्हणाला, "अण्णा."

"हं."

पुढे काही नाही. मी अण्णांकडे पाहिलं. आता विचारतील असं मला वाटलं. त्यांनी हात पुसला, फोन उचलला आणि तळहातावर धरून बसले. तर्जनी फोनच्या खाली होती, दोरा धरतात तशी. एकदा "आहे मी" म्हणाले, बस्स. ऑफिसच्या कॉलवर इतकं कोणी गप्प राहिलं तर आम्ही लाइन गेली समजून फोन ठेवतो.

"अण्णा, विद्या निघून गेली. उन्हाळ्यातच. मी आता एका खोलीत राहतो. तुम्हाला कुठे बोलवू, म्हणून..."

"सरी," अण्णा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बोट आहे?"

"बोट आहे."

"मग झालं की. मी येतो. रात्री खाली अंथरूण घालू, दुकानात झोपायचो तसं. दिवसा बोटीत. मोटर तू धर."

तिकडून संतोष काहीतरी बोलला, पण ते शब्द नव्हते. अण्णांनी तेही ऐकून घेतलं. मग फोन ठेवला, मला प्रसाद दिला आणि म्हणाले, "जा सार, खाली जा. मासा व्हा. दिवस थोडे राहिलेत."

मी खाली आलो. वारा नव्हता. गोळी सरळ उतरली, मातीला टेकली, वीतभर उचलली गेली. मी तंगुसाला चिमटा काढला. हाक आली नाही. पुन्हा काढला, जरा जोरात, म्हैस म्हटलं तरी चालेल इतक्या. तरी नाही. मी वाकून वर पाहिलं. अण्णा कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. रॉड एका हातात होता, चष्मा दुसऱ्या हातात, आणि शर्टाच्या बाहीने ते डोळे पुसत होते. पुसून होत नव्हतं.

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. वर जावं, निदान हाक मारावी, असं मनात आलं.

गेलो नाही. तंगूस दोन बोटांत धरला, ओढला नाही आणि सोडलाही नाही. थोड्या वेळाने वरून अगदी हलकं, ओलं पान लागल्यासारखं, काहीतरी जाणवलं.

"लागला," मी म्हणालो.