मालक आत आहेत

आमच्या घराखाली राहणारी द्वारका आपल्या पिठाच्या गिरणीला अहो-जाहो करते. आमच्याकडच्या बायका माघारी नवऱ्याविषयी जशा बोलतात, अगदी तशी. गिरणी चालू असली की "जेवायला बसलेत". वीज गेली की "पडलेत जरा". बेअरिंग गरम झालं की "आज डोकं तापलंय त्यांचं, जवळ जाऊ नका". एखादा नवखा माणूस दळणाचा डबा घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "मालक हायेत का?" मग पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून ती सांगते, "हायेत की. आत गुरगुर करून राह्यलेत."

बदनापूरला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुपारी जेवून निवांत झोपावं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. त्या अपेक्षेच्या बरोबर खाली, शटरच्या खोलीत, आमच्या सौभाग्यवतींनी, मंगलबाईंनी, मला न विचारता गिरणीवाली भाडेकरू आणून बसवली.

"एकटी बाई आहे, करू द्या काहीतरी," मंगल म्हणाली.

"बाई एकटी असेल. तिच्यासोबत मोटार आहे, पट्टा आहे, दोन दगड आहेत," मी म्हणालो. माझं ऐकण्याची आमच्या घरात पद्धत नाही. पहिले काही महिने मी पलंगासकट थरथरत होतो. पुढं सवय झाली. आता वीज गेली की माझी झोप मोडते.

द्वारका मूळची पिंपळगाव रेणुकाईची. दिली होती वाटूरकडं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, कोर्टात कागद झाले आणि ही एक ट्रंक घेऊन माहेरी आली. आईवडील नव्हते. मोठा भाऊ नारायणदादा आणि वहिनी. दोघंही भली माणसं. पण मिरचीच्या तोड्याला जायला, भाकरी थापायला आणि पोरं सांभाळायला घरात एक आयती आत्या मिळाली की भल्या माणसांनाही तिची सवय होते. द्वारकेनं वर्षभरातच पाटल्या मोडल्या, जुनी गिरणी विकत घेतली आणि इकडं आली. "दादाच्या घरात मी पाव्हणी बी न्हवते अन् मालकीण बी न्हवते," एवढंच ती त्याविषयी सांगते.

गिरणीला मालकपण मिळालं ते पहिल्याच महिन्यात. पट्टे विकणारा आला, म्हणाला, "बाई, मालकाला बोलवा." ही म्हणाली, मीच. तो म्हणाला, "तसं न्हाई, मालक, मालक." मग मीटर बघणारा आला, मग दगडाला टाकी लावून धार काढणारा आला. जो तो हिच्या खांद्यावरून आत डोकावून मालक शोधायचा. आमच्याकडं मालक म्हणजे धनी आणि मालक म्हणजे नवराही, त्यामुळं दोन्ही अर्थांनी विचारणा व्हायची. शेवटी एक दिवस वैतागून तिनं गिरणीकडं बोट केलं. "हे काय, बसलेत. बोला त्यांच्याशी." बाहेरच्या उन्हातून आलेल्या त्या माणसाला आतलं काही दिसलं नाही आणि त्यानं अंधाराला वाकून नमस्कार केला. द्वारका त्या दिवशी इतकी हसली की मंगल जिना उतरून खाली गेली. तेव्हापासून मालक आत आहेत.

मालकांचा एक नियम आहे. गिरणीच्या तोंडावर धान्य ओतलं की तो घास संपेपर्यंत ती बंद होत नाही. तांत्रिक कारण असं की अर्ध्या घासात बंद केली तर दगड अडकतो आणि मग वरचा दगड उचलून सगळं साफ करावं लागतं. द्वारकेचं कारण वेगळं आहे. "जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं न्हाई. बिलकुल न्हाई." मागं निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आले. दोन मिनिटं गिरणी बंद करा म्हणाले. ही म्हणाली, "त्यांचं होऊ द्या." उमेदवार हात जोडून उभे, मागं कार्यकर्ते हात जोडून उभे, आणि सगळ्यांच्या अंगावर कुणाच्या तरी बाजरीचं पीठ उडत होतं. घास संपेस्तोवर सगळा प्रचार पांढरा झाला.

दुसरं म्हणजे तिचा आवाज. गिरणीवरचा माणूस मोठ्यानं बोलणारच, पण ही वीज नसतानाही तितक्याच मोठ्यानं बोलते. "काकू, परवाच बेसन नेलं अन् आज पुन्हा डाळ? पाव्हणे येऊन राह्यलेत का?" आमच्याकडं पाहुणे येणार हे गल्लीला कळतं आणि मग मला. माझ्या मधुमेहाची बातमीही अशीच फुटली. मी मुकाट्यानं नाचणीचा डबा पायरीवर ठेवला आणि वर आलो. मागून आवाज आला, "काका, साखर वाढली व्हय?" समोरच्या औषधाच्या दुकानातून तीन माणसांनी वर बघितलं.

मोबाईलवरून पैसे आल्याचं बोलून दाखवणारी ती डबी असते ना, ती तिनं बसवून घेतली. डबीतून एका बाईचा गोड आवाज येतो. द्वारकेनं ऐकताक्षणी तिचं नाव ठेवलं, सवत. आता गिऱ्हाईकंही म्हणतात, "सवत बोलली का?" "बोलली की, जावा." एकदा मंगलनं तिला विचारलं, अगं, असलं काय नाव ठेवतेस? ती म्हणाली, "ही बरी हाये काकू. आली तर बोलून येती."

आणि कानानं ती पक्की आहे. एकदा मागं उभ्या दोन बायका कुजबुजल्या, "टाकलेली हाये म्हणं." गिरणी पूर्ण जोरात होती. द्वारका तिकडं न बघता ओरडली, "हां मावशी, कालच! दगडाला कालच टाकी लावली! पीठ बघा आता कसं पडतंय!" बायका पीठ बघत बसल्या.

अशी ही बाई. हिला कुणाची काळजी वाटावी असं मला काही दिसत नव्हतं. पण नारायणदादाला वाटत होती. मागच्या पावसाळ्यात तो एक स्थळ घेऊन आला. जालन्याकडचा माणूस, बायको वारलेली, शेती, ट्रॅक्टर, स्वतःचं घर. बघण्याचा कार्यक्रम आमच्याच घरी, वरच्या खोलीत ठेवला. दादा आदल्या दिवशी येऊन बहिणीला समजावून गेला होता. "दारके, असा माणूस शोधून सापडायचा न्हाई. इतका शांत हाये की काय सांगू. तोंडातून शब्द न्हाई निघत त्याच्या."

दादाच्या दृष्टीनं यापेक्षा मोठा गुण नव्हता. द्वारका ऐकून घेत होती. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी मंगलनं पोहे केले. द्वारकेनं केसातलं पीठ धुतलं होतं, त्यामुळं ती एकदम दहा वर्षांनी लहान दिसत होती. पाहुणा खरंच शांत होता. पोहे खाऊन त्यानं बशी हळूच खाली ठेवली. बोलायला त्याचे मामा होते. मामांनी ट्रॅक्टरचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं, मग म्हणाले, "तुला काय विचारायचं असंल तर विचार, बाई."

द्वारकेनं पाहुण्याकडं बघितलं. "तुम्ही घरात बोलता का?"

पाहुण्यानं मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "बोलतो की. गरज पडली तर."

"अन् गरज न्हाई पडली तर?"

पाहुण्यानं पुन्हा मामांकडं बघितलं. ती थोडा वेळ थांबली. खरंच थांबली, वाट बघत. माणसानं एक शब्द बोलावा, काहीही, पोहे बरे झालेत म्हणावं. मग ती उठली. "दादा, न्हाई जमायचं."

पाहुणे गेल्यावर जिन्यातच भावाचा तोल सुटला. "लोकाला काय सांगू मी? चक्कीशी संसार करून राह्यली का तू?" ती त्याच्या मागोमाग पायऱ्या उतरत राहिली. तो म्हणाला, "ही माझी शेवटची खेप. मंग तू माझ्या दारात यायचं न्हाई अन् मी तुझ्या येणार न्हाई." दुचाकीला किक मारून तो निघून गेला.

त्याच दुपारी वीज गेली. द्वारका वर आली, मंगलजवळ लसूण सोलत बसली. मी पलीकडच्या खोलीत पेपर धरून होतो. ती हळू बोलत होती. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"भांडण न्हाई काकू, मार न्हाई, दारू न्हाई. नवरा नुसता गप. लगीन झालं तव्हापसून. ताट ठेवायचं, जेवून सरकवायचं. मीठ कमी पडलं तरी सांगायचा न्हाई, उठून घ्यायचा. मी महिनाभर माहेरी राहून आल्ते, तरी 'आलीस का' म्हन्ला न्हाई. मला वाटायचं, मी हाये का न्हाई ह्या घरात? दुसरी आणली तेबी शेजारणीनं सांगितलं मला. लोकाचं भांडणावरून मोडतं. माझं तर एकदाबी भांडण झालं न्हाई." लसणाची सालं तिनं मुठीत गोळा केली. "हे गुरगुर तरी करतेत."

मी पेपर खाली ठेवला. त्या गिरणीच्या आवाजाला मी किती नावं ठेवली होती, ते सगळं आठवून मला फार वाईट वाटलं.

दिवाळी आली. पिंपळगावहून फोन नाही. भाऊबीजेला मंगल खाली जाऊन म्हणाली, "ह्यांना ओवाळ." द्वारका म्हणाली, "काकाला कोण ओवाळतं का?" तेही खरंच. मग मंगल म्हणाली, "ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तसं कर." द्वारकेनं ताटातली सुपारी सरळ केली. "भाऊ जित्ता हाये माझा. चंद्राला कामून ओवाळू?"

ताट तसंच राहिलं. सणाच्या दिवशी कुणी दळण आणत नाही, तरी शटर रात्र पडेपर्यंत उघडं होतं.

त्यानंतर तिनं भावाचं नाव काढलं नाही. बोलणं तेवढंच मोठ्यानं, सवत तशीच गोड, मालक तसेच गरम. पण दारात एखादी दुचाकी थांबली की तिची मान वळायची. वरून मला ते दिसायचं.

नवी ज्वारी निघाली तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, मी गॅलरीत झोपेची वाट बघत बसलो होतो. खाली कुणाचा तरी गहू नुकताच ओतलेला, गिरणी भरल्या तोंडानं चालू. एक दुचाकी येऊन थांबली. मागं पोतं बांधलेलं. नारायणदादानं पोतं सोडलं, खांद्यावर घेतलं आणि दारापर्यंत आला. तिथं थांबला. द्वारका पाठमोरी होती. तो पुढं होईना, मागं सरेना. हा माणूस जन्मात कधी थट्टा करत नाही. त्यानं घसा खाकरला आणि गिरणीच्या वरताण ओरडला, "मालक हायेत का?"

"हायेत की!" ती न वळताच ओरडली. "आत गुर…" आणि वळली.

तिनं खटका पाडला. अर्ध्या घासात. उमेदवारासाठी जे झालं नाही ते झालं. पट्टा दोन-चार वेळा फिरून थांबला आणि गल्ली एवढी शांत झाली की मी उठून उभा राहिलो. दोघंही बोलेनात. मला भीती वाटली की पुन्हा तेच गप बसणं सुरू होतंय.

"मी हाये, दादा," ती हळू म्हणाली. "ये."

त्यानं पोतं उतरवलं. "नवी ज्वारी हाये. म्हन्लं दळून आणावी."

"पिंपळगावच्या गिरण्या बंद पडल्या का?"

"तिकडं बराबर बारीक न्हाई येत."

"बस," ती म्हणाली. तिनं स्टूल पदरानं पुसलं. "वहिनी कशीय? पोरं? मिरचीला काय भाव लागला? बोल की."

गिरणी त्या दिवशी पुन्हा सुरू झाली नाही. दगड अडकला होता, तो उचलायची कुणाला आठवण राहिली नाही. दळणाचे डबे पायरीवर रांगेनं बसून होते. वरून मला नारायणदादाचा आवाज येत होता. वहिनीची कंबर, मिरचीवरचा रोग, थोरल्याची परीक्षा, गावातली जत्रा. त्याला बोलायची फारशी सवय नाही, मधेच तो थांबायचा. थांबला की खालून तिचा आवाज यायचा, "मंग?"