चर्चची गोल खिडकी

क्लिफर्ड ऑस्टलरने घरून निघतानाच बायकोला बजावून ठेवलं होतं, "आज बघच तू. एकेक गुपित असं सांगतो, की त्या लोकांना पुढची दहा वर्षं दुसरा विषय सुचायचा नाही."

एनिड म्हणाली, "मफलर घे."

क्लिफर्डला एकोणऐंशीवं लागलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी इंग्लंडातली झाडून सगळी पोरं दूरदर्शनसमोर बसून आगगाड्यांची एक मालिका बघायची. त्या गाड्या धावायच्या एका मोठ्या टेबलावर, आणि त्या टेबलावरची स्टेशनं, बंदर, चर्च, हे सगळं क्लिफर्डच्या हातचं. त्या पोरांना आता टक्कल पडलं, पण मालिकेचं वेड काही गेलं नाही. त्यांनी एक मंडळ काढलं. चित्र जागच्या जागी थांबवायचं, भिंगातून बघायचं आणि अमुक दिव्याचा खांब मुळात कशाचा होता यावर भांडायचं, हे त्या मंडळाचं काम. यंदा मार्ल्सबी गावच्या हॉलमध्ये वार्षिक मेळावा होता आणि क्लिफर्ड प्रमुख पाहुणा होता.

एनिड असल्या ठिकाणी कधी जात नसे. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी क्लिफर्डची गाडी बंद केली होती, म्हणून तिला यावं लागलं. ती पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि विणकाम काढलं. मागे चहाचा बंब उकळत होता.

क्लिफर्डने सुरुवातच दणक्यात केली. "मित्रहो, आमच्या गावात दुकानातून आणलेली एकही वस्तू नव्हती. कारखान्यात तयार झालेलं खेळणं मी टेबलाला लावू दिलं नाही. जे केलं ते हाती सापडेल त्यातून केलं."

टाळ्या पडल्या. मंडळाचे चिटणीस मिस्टर टिब्स हे हळव्या मनाचे, चौकटीचा स्वेटर घातलेले गृहस्थ होते. त्यांनी पडद्यावर पहिलं चित्र टाकलं. स्टेशनवरची पाण्याची टाकी.

"दाढीच्या साबणाचा डबा," क्लिफर्ड म्हणाला. "माझाच."

पुन्हा टाळ्या. दुसरं चित्र आलं. बंदरावर मासे ठेवायच्या जाळीच्या टोपल्या, एकावर एक रचलेल्या.

"हं, ही गंमत तुम्हाला आयुष्यात ओळखता आली नसती," क्लिफर्ड खुशीत म्हणाला. "बायका केस कुरळे करायला रोलर लावतात ना, ते. मधून कापले आणि राखाडी रंग दिला."

एनिडच्या सुया थांबल्या.

"किती होते?" तिने खालूनच विचारलं.

"आठ," क्लिफर्ड म्हणाला. तो अजून रंगात होता.

"मी भाचीच्या लग्नाला अर्धं डोकं कुरळं करून गेले होते," एनिड म्हणाली. "फोटो आहेत."

लोक हसले. त्यांना वाटलं, नवरा-बायकोने आधी ठरवून बसवलंय. टिब्सनी उत्साहाने पुढचं चित्र टाकलं. विहिरीवरचं लोखंडी झाकण.

क्लिफर्डने घसा साफ केला. "ते... चहाचं गाळणं."

"क्लिफर्ड, ते गाळणं तुझ्या आईने चोथ्याबरोबर फेकलं असं तूच मला सांगितलंस. बिचारी मरेपर्यंत म्हणत होती, एनिड, मी नाही गं फेकलं. आणि मी म्हणायचे, जाऊ दे आई, वय झालं की होतं असं."

आता हसणारे थोडे कमी झाले. नंतर घंटाघराचा घुमट आला. ते एनिडचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान निघालं. त्याच्यासाठी तिने धूळ ओढायच्या यंत्राची पिशवी तीनदा वर्तमानपत्रावर ओतून चिवडली होती. आणि तिसऱ्या खेपेला क्लिफर्ड स्वतः शेजारी उकिडवा बसून शोधू लागला होता, हेही तिने सभेला सांगितलं.

क्लिफर्डने घड्याळात पाहिलं. "टिब्स, आता चहा घ्यायचा का?"

"फक्त एकच प्रश्न राहिलाय, मिस्टर ऑस्टलर," टिब्स म्हणाले, आणि त्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा हळू झाला. "आमच्या पत्रिकेत यावर अकरा वर्षं वाद चाललाय. चर्चची गोल खिडकी."

पडद्यावर चर्च आलं. भुरभुरता बर्फ, आणि दाराच्या वर मधाच्या रंगाची एक गोल खिडकी आतून उजळलेली. सभागृहातल्या साठ टकलांनी एकदम उसासा सोडला.

क्लिफर्डने त्या खिडकीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहायचं टाळलं.

"खोकल्याची गोळी," तो म्हणाला.

"शक्य नाही," मागच्या रांगेतून एक जाडा गृहस्थ उठला. "स्टुडिओच्या दिव्यांच्या उष्णतेने ती वितळली असती. मी घरी प्रयोग केलाय."

"कडक गोळी होती."

"मी कडकच घेतली होती."

"भांडू नका, भांडू नका," टिब्स म्हणाले. "आत्ताच निकाल लावू. मिस्टर ऑस्टलर, तुम्हाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं." त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरचं फडकं ओढलं. खाली खुद्द ते चर्च होतं. गेल्याच महिन्यात एका माळ्यावर सापडलेलं. टिब्सनी खिडक्यांचे पडदे ओढायला लावले, छोटी बॅटरी पेटवली आणि चर्चच्या मागून आत धरली.

खिडकीतून मधाळ उजेड बाहेर पडला आणि नेमका एनिडच्या अंगावर, तिच्या विणकामावर सांडला. तिने लोकर बाजूला ठेवली, उठून टेबलापाशी गेली आणि वाकून पाहिलं.

"हा माझ्या आईचा पिवळ्या खड्याचा ब्रोच आहे," ती म्हणाली.

ती हॉलकडे वळली.

"ह्याच्यापायी मी सख्ख्या बहिणीशी पस्तीस वर्षं बोललेली नाही. मुरियल आठवडाभर राहायला आली होती. ती गेली आणि ब्रोच दिसेना. मी तिला पत्र टाकलं, काय नेलंस ते तुला ठाऊक आहे, लाज वाटेल तेव्हा परत दे. तिचं उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बरोबर, चोराला काय तोंड असणार."

"एकाच शॉटसाठी नेला होता गं," क्लिफर्ड म्हणाला. माईक अजून त्याच्या हातात होता, त्यामुळे ही कुजबुज हॉलभर पोचली. "सोमवारी परत ठेवणार होतो. पण चर्च सगळ्यांना आवडलं आणि पुढच्या भागातही घेतलं."

"मग सांगायचंस."

"तोवर तू पत्र टाकलं होतंस."

"क्लिफर्ड, नातवंडं मांडीवर घेऊन मी हे चर्च बघत होते. खिडकीत किती छान उजेड पडतो, असं मी तुला म्हणाले होते."

"हो," क्लिफर्ड म्हणाला. "मी थँक्यू म्हटलं होतं."

एनिडने पर्स उघडली आणि नखं कापायची छोटी कात्री काढली. टिब्सचा चेहरा पांढरा पडला.

"मिसेस ऑस्टलर, कृपा करून... तो मूळचा गोंद आहे."

"आणि ती माझी मूळची आई आहे."

पण कात्री लावता लावता तिचा हात थांबला. तिने ती खाली ठेवली आणि फोन काढला. नंबर वहीत बघावा लागला नाही. कानाला नीट ऐकू यावं म्हणून ती नेहमी फोनचा आवाज मोठा ठेवायची, त्यामुळे पलीकडची घंटा साऱ्या हॉलने ऐकली. पाचव्या घंटेला कुणीतरी उचललं.

"मुरियल? एनिड बोलतेय." तिला पुढचं सुचेना. "तू नव्हता नेलास. क्लिफर्डने नेला होता. चर्चला लावला. मी तुला नाही नाही ते लिहिलं. माझं चुकलं गं."

 पलीकडून एक म्हातारा, सावध आवाज आला.

"काय नेलं क्लिफर्डने?"

"ब्रोच. आईचा."

"ब्रोच?" मुरियल म्हणाली. "तू ब्रोचबद्दल लिहिलं होतंस?"

"मग तुला कशाबद्दल वाटलं?"

"अगं, तो तुझा साखरेचे खडे उचलायचा चांदीचा चिमटा. निघताना माझ्या बॅगेत टाकला होता मी. मला वाटलं, हिला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत तरी कुठल्या तोंडाने पाठवणार?"

 एनिडने डोळे मिटले. तिच्या खांद्यांना कंप सुटला तेव्हा टिब्स रुमाल घेऊन धावले. मग त्यांना कळलं, की ती हसतेय.

"चिमटा गेलाय हे मला आत्ता कळतंय," ती म्हणाली. "तिथेच थांब. मी येतेय."

तिने कोट चढवला. टिब्सकडे वळून ती म्हणाली, "चर्च मी घेऊन जातेय. मुरियलला दाखवते, मग आम्ही दोघी ठरवू." साठ माणसांपैकी एकाचीही तिला नाही म्हणायची छाती झाली नाही. दोघांनी ते चर्च वरातीसारखं उचलून गाडीपर्यंत पोचवलं. मागची सीट भरली.

क्लिफर्डही मफलर गुंडाळत दारापाशी आला.

"तू कुठे निघालास?" एनिडने विचारलं.

"घरी."

"तू इथेच बस आणि यादी कर. काय काय नेलंस, कुठे कुठे चिकटवलंस, सगळं. मी संध्याकाळी न्यायला येईन."

मग क्लिफर्ड यादी करायला बसला. त्याला वाटलं होतं, लोक तोंड फिरवतील. पण मंडळी खुर्च्या ओढून भोवती दाटीने बसली. कुणी केक आणून दिला, कुणी चहा. एकेक ओळ उतरली, की गर्दीतून 'अच्छा', 'तरीच' अशी दाद यायची. मंडळाच्या इतिहासात इतकी चांगली दुपार झाली नव्हती. तीन पानं भरली. चौथ्या पानावर त्याने लिहिलं: 'चौथ्या इंजिनाच्या धुराड्याची सोनेरी कड. माझी लग्नाची अंगठी.'

टिब्स वाचता वाचता थांबले.

"मिसेस ऑस्टलरना हे..."

"समुद्रात पोहताना पडली असं सांगितलंय."

"ते इंजिन जपानमध्ये एका संग्राहकाकडे आहे," टिब्स खालमानेने म्हणाले.

क्लिफर्डने खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी अजून परत आली नव्हती. त्याने ती ओळ एकदा खोडली, मग वाचता येतेय असं वाटून पुन्हा खोडली, आणि शेवटी चौथं पान घडी करून टिब्सच्या स्वेटरच्या खिशात घातलं.