इस्माइलभाईंचे बिल्ले

ओमानमधल्या इब्राच्या बाजारात पाच-दहा बैशांची नाणी सहसा मिळत नाहीत. दुकानदार सुट्ट्या पैशांच्या जागी च्युइंगम देतात. आमचे चहावाले इस्माइलभाई मात्र पितळेचा बिल्ला देत. गोल, वर छिन्नीने कोरलेला माड. शेजारच्या वर्कशॉपात पत्रा मीच कापून द्यायचो. बिल्ला परत आणला की अर्धा कप चहा.

"ये क्या है?" असं एखाद्याने विचारलं की संपलंच.

"अरे, लढाईच्या वखताला गोऱ्या सायबाची नाणी गायब झाली, तवा रत्नागिरीत माझ्या आजानं सोताचा बिल्ला चालवला! सायबाचा पैसा आटला, आमची चाय नाय आटली. बिल्ला म्हंजे जबान!"

गिऱ्हाईक निघून गेलेलं असे. उरलेलं भाषण समोसे ऐकत.

मग अर्बाबला, म्हणजे दुकानाच्या ओमानी मालकाला, ती जागा मोबाइलवाल्याला द्यायची झाली. म्हणाला, "खलास इस्माइल. अब घर जाओ."

"जातो. पण माझे सव्वीस बिल्ले भायेर हायत. ते आल्याबिगर पाय निघायचा नाय."

अर्बाबही बापजाद्यांपासून व्यापारी. जबान म्हटल्यावर थांबायला तयार झाला.

मला राहवेना. दोस्त असा अडकून पडलेला बघवतो काय? तीन शुक्रवार इब्रा पालथं घातलं. लाँड्रीवाल्या मलबाऱ्याच्या गल्ल्यातून चार काढले, टॅक्सीवाल्यांकडून नऊ. एका शिंप्याने तर बिल्ल्याला भोक पाडून कोटाला बटण लावलं होतं. ते उसवून आणलं. सव्वीसच्या सव्वीस भाईंच्या टेबलावर ओतले.

"घ्या भाई, सुटलात!"

भाईंनी मोजले. परत मोजले. माझ्याकडे बघेनात.

"कुणी सांगितलं व्हतं रे तुला, गंगाराम?"

"घरी जायचंय ना तुम्हाला?"

"घरात कोण हाय? बायको गेली, पोरगी सासरला. दाराला कुलूप. हितं बिल्ला घेऊन कुणीतरी येल, म्हणून सकाळी उठतो तरी."

माझं चुकलं, असं मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. तेव्हाही म्हटलं नाही. बाहेर अर्बाबची गाडी थांबली. मी त्या ढिगातला एक बिल्ला उचलून खिशात घातला.

अर्बाब आत आला. "पूरा हुआ?"

"एक कम है, अर्बाब," मी म्हणालो. "ढूंढ रहा हूँ."

"कितना दिन?"

"अब क्या बोलूँ? इब्रा क्या छोटा है?"

भाई पाठ करून किटली घासत राहिले. ती सकाळीच घासलेली होती.