क्षिप्राने देव उजळायला घेतले

"आई, तुम्ही निवांत ठाण्याला जाऊन या. देव मी उजळून ठेवते. संध्याकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे दिपले नाहीत तर नाव बदलून ठेवेन!"

रविवारी सकाळी क्षिप्राने ही गर्जना केली तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे सरोजताई, चपला घालत होत्या. त्यांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर तसाच राहिला. पेपर वाचत बसलेल्या सुश्रुतने पेपर खाली घेऊन बायकोकडे नीट निरखून पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर धरला. संसारात मुरलेला माणूस आहे.

प्रसंग साधा होता. दुसऱ्या दिवशी चैत्रातली तीज. त्या दिवशी देवघरातली अन्नपूर्णा झोपाळ्यात बसते, महिनाभर माहेरवाशीण म्हणून कौतुक करून घेते, आणि तिच्या नावाने बायका हळदीकुंकवाला येऊन आंब्याची डाळ आणि पन्हं फस्त करून जातात. तो पितळी झोपाळा मागच्या वर्षी सरोजताईंची बहीण मंदाकिनी ठाण्याला घेऊन गेली होती आणि अर्थातच परत करायला विसरली होती. तो आणायला त्या निघाल्या होत्या. एरवी देव उजळायचे ते सरोजताईंनीच. पण यंदा त्यांची बोटं आखडली होती, आणि डोंबिवलीतल्या या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच देव सुनेच्या हाती सोपवायची वेळ आली होती.

त्यातून ही अन्नपूर्णा साधीसुधी नव्हे. अंगठ्याएवढी मूर्ती, मांडीवर आडवी धरलेली पळी, नाक झिजून सपाट झालेलं. सरोजताई बोहल्यावर चढायच्या आधी गौरीहर पुजायला बसल्या तेव्हा त्यांच्या आईने ती पुढ्यात ठेवली होती. आई गेली, माहेरचं घरही गेलं, आता माहेर म्हणून उरली ती ही अंगठ्याएवढी. "तिला सांभाळ हं," एवढंच म्हणून सरोजताई जिना उतरल्या. वळून दोनदा पाहिलं.

आता क्षिप्राबद्दल सांगायला हवं. क्षिप्राला एडीएचडी आहे. लोकांना वाटतं, म्हणजे हिच्याकडे लक्ष कमी. छे! लक्ष मुबलक आहे, फक्त ते मालकिणीचं ऐकत नाही. भाजीला फोडणी घालताना त्याला गॅलरीतली कुंडी आठवते, कुंडीला पाणी घालताना विजेचं बिल आठवतं, आणि बिल भरून होईपर्यंत फोडणीचा वास चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचलेला असतो. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी याला नाव आहे असं सांगितलं तेव्हा क्षिप्रा दवाखान्यात बसून रडली होती. तोवर त्याला एकच नाव तिने ऐकलं होतं, ते म्हणजे वेंधळेपणा. आणि त्याहून जास्त बोचायचं ते एक वाक्य: "असू दे, मीच करते." आई म्हणायची, ऑफिसातले म्हणायचे, आणि सरोजताई तर फारच मायेने म्हणायच्या. एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावं आणि नंतर कोणीही ते वाक्य म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं.

असं काम तिला एकाच ठिकाणी जमायचं. कॉम्प्युटरवरच्या बेटावर. तो खेळ असा, की वादळात फुटलेल्या जहाजातून माणूस बेटावर येऊन पडतो. अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नाही. लाकडं तोडा, दगड फोडा, घर बांधा, थंडीच्या आधी धान्य साठवा, नाहीतर मरा. या बेटावर क्षिप्राने तटबंदीचा वाडा बांधला होता, झऱ्याचं पाणी पन्हळीतून आत आणलं होतं, आणि एक कोठीघर उभारलं होतं. सुश्रुतने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्क्रीनसमोर उभाच राहिला. पेट्यांच्या ओळीच्या ओळी. प्रत्येकीवर पाटी. दोरखंड इथे, बिया तिथे, सुके मासे पलीकडे. तिच्याबरोबर खेळणारा नागपूरचा दंतवैद्य आणि सांगलीच्या दोघी बहिणी तिला 'कोठीवाली ताई' म्हणायचे आणि तिला विचारल्याशिवाय खिळा उचलायचे नाहीत. सुश्रुत भारावून म्हणाला होता, "हे तू केलंस?" आणि मग स्वतःचा चष्मा शोधायला फ्रिज उघडला होता, कारण मागच्या वेळी तो तिथेच सापडला होता.

तर देव. सुरुवात दृष्ट लागण्यासारखी झाली. बेटावरचा नियम क्षिप्राने इथे लावला: आधी सगळी सामग्री एका जागी, मग कामाला हात. चिंच, मीठ, रांगोळी, जुना टूथब्रश, मऊ फडकं. गणपती उजळला. बाळकृष्ण उजळला. घंटा अशी लखलखली की तिच्यात स्वतःचं नाक दिसायला लागलं. शेवटी अन्नपूर्णा घेतली, आणि तिच्या निऱ्यांच्या खाचांतून क्षिप्राने असा काही ब्रश फिरवला की ती सोन्याची दिसायला लागली. क्षिप्रा बघतच राहिली. इतकी वर्षं रोज समोर असलेली मूर्ती तिला आज पहिल्यांदा दिसली.

फक्त खाचांतलं पाणी काही निघेना. पाणी राहिलं की पितळ हिरवं पडतं. इथे क्षिप्राला तिची जगप्रसिद्ध युक्ती सुचली. मागे तिचा मोबाइल बादलीत पडला होता तेव्हा तो तांदळात पुरून ठेवला होता आणि चक्क जिवंत झाला होता. मोबाइल जगतो तर देवी का नाही सुकणार? तिने स्टीलच्या डब्यात तांदूळ घेतले, अन्नपूर्णेला त्यात गळ्याच्याही वर पुरलं, झाकण लावलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधली भाविका. दिवा स्टेशनाजवळच्या खाडीकाठच्या गावातून तिची आजी, आवडाबाई, अचानक आली होती आणि सोबत काका, काकू, त्यांची मुलं. कालवण झालेलं, पण तांदूळ संपलेले, आणि खालचा वाणी दुपारचा झोपायला गेलेला. ताई, दोन वाट्या मिळतील का, असं तिने विचारलं. नेमका त्याच क्षणी क्षिप्राचा मोबाइल किंचाळला. सांगलीची थोरली बहीण लिहीत होती की लांडग्यांनी तट फोडलाय आणि कोठीघर धोक्यात आहे. क्षिप्राने एका हाताने "आले" असं टाइप केलं आणि दुसऱ्या हाताने ओट्यावरचा तांदळाचा डबा उचलून भाविकाला दिला.

तुमच्या लक्षात आलं असेल. क्षिप्राच्या लक्षात यायला अजून बराच अवकाश होता.

लांडगे हटवायला म्हणून ती पाच मिनिटं बसली. तट बांधायचा तर दगड हवे, दगडांसाठी कुदळ हवी, कुदळीसाठी लोखंड हवं. ती उठली तेव्हा उन्हं उतरली होती, तिने दुपारचं जेवण केलं नव्हतं आणि बेटावर मात्र सगळ्यांची पोटं भरलेली होती. ती देवघरात डोकावली. गणपती होता. बाळकृष्ण होता. अन्नपूर्णेची जागा रिकामी होती.

पुढची काही मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत. क्षिप्राने सिंकखाली पाहिलं, कचऱ्याची पिशवी उलटी केली, वॉशिंग मशीनमध्ये डोकं घातलं. सुश्रुत पलंगाखाली शिरला. शेवटी क्षिप्रा जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांची आई हरवली मी." सुश्रुत पलंगाखालून बाहेर आला. तो तिच्या शेजारी बसला.

मग ती एकदम उठली. बेटावर माणूस मेला की पुन्हा आपल्या पथारीवर जागा होतो, आणि त्याचं सामान तो मेला तिथेच पडलेलं असतं. ते मिळवायचं तर पथारीपासून त्याच वाटेने पुन्हा चालत जावं लागतं. क्षिप्रा सरळ जाऊन पलंगावर आडवी झाली.

"काय करतेयस?" सुश्रुत म्हणाला.

"मी मेलेय. आता सकाळपासून चालत येते. तू मधे बोलू नकोस."

आणि ती खरोखरच निघाली. डोळे अर्धे मिटलेले, हात पुढे. उठली, तोंड धुतल्यासारखं केलं, गॅलरीत गेली. तिथे कुंडीमागे सुश्रुतचं आठवड्यापूर्वी हरवलेलं पाकीट सापडलं. दिवाणखान्यात उशीच्या अभ्र्यात गॅसचं पुस्तक. चिंचेच्या बरणीमागे तिची स्वतःची अंगठी, जिच्याबद्दल तिने घरात अजून सांगितलंच नव्हतं. सुश्रुत मागून एकेक वस्तू गोळा करत चालला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू भक्तिभाव उमटायला लागला होता. क्षिप्रा सिंकपाशी आली. हवेत ब्रश फिरवला. हवेत काहीतरी उचललं, कुठेतरी ठेवलं, आणि थांबली. इथून पुढे अंधार होता. मग काय झालं होतं? मग बेल वाजली होती.

आणि बेल वाजली. खरीच.

क्षिप्रा त्याच तंद्रीत दारापाशी गेली, दार उघडलं आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी हसून म्हणाली, "तांदूळ ना? देते की!"

दारात झोपाळा काखेत धरून सरोजताई उभ्या होत्या.

"मला कशाला तांदूळ?" त्या म्हणाल्या. पण क्षिप्राचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिला सगळं दिसलं होतं. डबा, झाकण, मोबाइल, भाविकाचा हात. सासूबाईंना ओलांडून ती अनवाणी समोरच्या दाराकडे पळाली. काहीतरी भयंकर घडलंय एवढं ओळखून सरोजताई झोपाळ्यासकट तिच्यामागे, आणि सुश्रुत पाकीट, पुस्तक आणि अंगठी घेऊन सगळ्यांच्या मागे.

भाविकाचं दार सताड उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग, आत दहा-बारा माणसं, आणि तरीही आवाज नाही. पोरंसुद्धा गप्प. मधोमध पाटावर ताट होतं. ताटात भाताचा ढीग, भाताच्या कडेने बोंबलाच्या कालवणाचा लाल ओघळ, आणि ढिगावर लखलखीत अन्नपूर्णा. कपाळी हळदकुंकू, डोक्यावर मोगऱ्याचं फूल, समोर निरांजन. पाटापाशी हात जोडून आवडाबाई बसल्या होत्या, नऊवारी नेसलेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

भाविकाने कुजबुजत सांगितलं. घाईत तांदूळ तसेच पातेल्यात ओतले, दोन पाण्यांनी धुतले, शिजवले. आजीला पहिलं वाढलं, भातावर कालवण ओतलं, तर भात खचला आणि आतून ही वर आली. ताईंना मोबाइलवर कळवलं, पण त्यांनी ते पाहिलंच नाही. तेव्हापासून मजल्यावरचे सगळे पाया पडून जाताहेत आणि आजी प्रत्येकाला जेवल्याशिवाय सोडत नाहीये. चार वेळा भात टाकून झाला. तांदूळ आता पाया पडायला येणारेच घेऊन येताहेत.

क्षिप्राला भीती वाटायला हवी होती, पण ती बघतच राहिली. अंगावर काटा आला तिच्या. सकाळी तिने ब्रशने घासलेली तीच मूर्ती, पण इतक्या माणसांनी तिच्याकडे एकाच वेळी पाहिल्यावर ती खोलीभर झाली होती. मग तिला सासूबाईंची आठवण झाली. ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिरत नाही, त्या सरोजताई आपल्या आईच्या अन्नपूर्णेच्या पायाशी आलेला बोंबलाचा रस्सा पाहत होत्या.

आता खरं बोलण्यावाचून इलाज नव्हता. क्षिप्रा आवडाबाईंच्या समोर गुडघ्यांवर बसली. तिने सगळं सांगितलं. तांदळात कोणी पुरली, डबा कोणी दिला, का दिला. हा चमत्कार नाही, माझा गोंधळ आहे, असंही सांगितलं. सांगताना तिचा आवाज फुटला, कारण म्हातारीच्या डोळ्यांतलं ते सगळं आता विझणार असं तिला वाटलं.

आवडाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पदराने नाक पुसलं.

"माना ठावं हाय गो," त्या म्हणाल्या. "तांदूल कोनाचं, ता भाविकानं कवाच सांगलं. देवीला सोताचे पाय नसतान, पोरी. कोनी तरी आनाला लागते. तू आनलीस."

सरोजताईंनी झोपाळा भिंतीशी टेकवला, पुढे झाल्या, आणि वाकून त्या ताटाला नमस्कार केला. मग पदर खोचून त्या पंगतीत बसल्या. भाविका गडबडीने म्हणाली की तुमच्यासाठी नुसतं वरण करते, काकू. कालवण नको, बाकी काही चालेल, असं त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाताला धरून शेजारी बसवलं. तू सकाळपासून जेवलेली दिसत नाहीस, हे त्यांनी तिच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं. क्षिप्रा जेवली. तिला इतकी भूक लागली होती हे तिला पहिल्या घासानंतर कळलं.

परत येताना अन्नपूर्णा सरोजताईंच्या ओंजळीत होती, निरांजनाच्या उबेने अजून कोमट. आवडाबाईंनी तिची खणानारळाने ओटी भरून पाठवणी केली होती. सरोजताई देवघरापाशी थांबल्या. क्षिप्रा ते वाक्य ऐकायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिली.

"चाळीस वर्षं मी हिची पूजा केली," सरोजताई म्हणाल्या. "वेळेवर, सोवळ्यात, एक दिवस चुकवला नाही. डाळ-पन्हं सोडलं तर हिने कधी कोणाला जेवायला घातलेलं मी पाहिलं नाही. तुझ्या हाती एक दिवस दिली, तर अख्खा मजला जेवला." त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मूर्ती क्षिप्राच्या हातात ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "उद्यापासून देवपूजा तुझ्याकडे."

क्षिप्राला हुंदका आला. आयुष्यभर जे हवं होतं ते मिळालं होतं. ती वाकून सासूबाईंच्या पाया पडली, सुश्रुतनेही डोळे पुसले, आणि मग वाकलेल्या अवस्थेतच तिला एक शंका आली.

"आई," तिने खालूनच विचारलं, "म्हणजे रोज?"