उजवीकडे चार बोटं आखूड

सोमणकाका कोथिंबीर आणायला जाताना कमरेला पिस्तूल लावायचे.

कोथिंबीरच असं नाही. जिरं असो, दूध असो, केस कापायचे असोत. डोक्याला माकडटोपी, पायात मोज्यांवर सँडल, हातात घडी घातलेल्या पिशव्या आणि उजव्या कमरेला, येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसेल असं काळं पिस्तूल. चोरूनमारून नव्हे, अगदी राजरोस. नॉर्थ कॅरोलायनात तशी मुभा आहे, हे मला काकांमुळेच कळलं. दुर्दैवाने ते कळायच्या आधीच मी त्यांच्या वसाहतीत घर भाड्याने घेऊन बसलो होतो.

ही साधारण २००५ची गोष्ट. मी नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळत तिथल्या कॅरी नावाच्या गावात राहत होतो. घरात गाडी एकच, आणि शनिवारी सकाळी ती माझी बायको मंजिरी तिच्या क्लासला घेऊन जायची. त्यामुळे आठवड्याच्या भाजीला मी काकांच्या गाडीतून जात असे. काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी इकडे आले, औषधांच्या कारखान्यात नोकरी केली, सिटिझन झाले, रिटायर झाले. मुलगा सिएटलला. वसाहतीतल्या तळ्याच्या पलीकडच्या घरात काका, काकू आणि ते पिस्तूल असे तिघं राहत.

पिस्तुलाचं सोवळंओवळं फार कडक होतं. "दिसलं पाहिजे. लपवलं की गुन्हा," हे काकांचं ब्रीदवाक्य. उघड्यावर लावलं तर कायद्याची हरकत नाही, पण कपड्याखाली झाकलं तर वेगळा परवाना लागतो, आणि तो काढायला काका तयार नव्हते. "लपवायला परवाना कशाला मागू? मी काय चोर आहे?" म्हणून थंडीत लांब कोट बंद, शाल बंद. काकूंनी त्यांना एक हिरवा स्वेटर विणला होता, तो उजवीकडे मुद्दाम चार बोटं आखूड. डावीकडून बघितलं तर सद्गृहस्थ, उजवीकडून बघितलं तर लोकर संपली असावी असं वाटायचं. सबंध हिवाळा काकांची उजवी बाजू धरलेली असायची आणि गाडीत बामचा वास भरून राहायचा.

पोस्टात पिस्तुलाला बंदी, पोस्टाच्या आवारातही बंदी. मग काका रस्त्याच्या पलीकडे गाडी लावत आणि तिकिटं आणायला मला पिटाळत. चामडं देवघराजवळ नको म्हणून पट्टा नायलॉनचा. जेवताना पिस्तूल कपाटात, आणि कपाटाला हात लावला की हात धुवायचे. उडवलं म्हणाल तर एकदाच, शिकवणीच्या वर्गात. त्यानंतर बरेच दिवस काका कोणी काही बोललं की कानामागे हात धरून "काय म्हणालास?" करत होते.

आता खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची. नुसती नव्हे, मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुकानात शिरलो की मी दोन ढकलगाड्यांचं अंतर ठेवून चालत असे. कोणी मराठी माणूस भेटून "ते तुमचे काका ना?" असं विचारू लागला, की मी घाईघाईने "आमचे नाहीत, वसाहतीतले" असा खुलासा करी. आपण इथे खाली मान घालून कोड लिहायला आलेली माणसं. पिस्तूल लावून भेंडी निवडणारा माणूस आपल्यात निघावा, हे मला आपल्या सगळ्यांच्या खात्यावर पडल्यासारखं वाटायचं.

काकूंनाही लाज वाटते, अशी माझी खात्री होती. त्या आमच्याबरोबर येत, पण गाडीतून कधी उतरत नसत. मागच्या सीटवर विणत बसत. काकांचं काय असायचं, की प्रत्येक भाजी उचलून ते दुकानाच्या दर्शनी काचेपाशी जायचे आणि गाडीच्या दिशेने उंच धरायचे. दुधी. वांगी. मेथीची जुडी. गाडीतून काकूंची मान हो किंवा नाही हलायची. मग काका उजवं अंग काचेकडे करून क्षणभर तसेच उभे राहायचे आणि परत भाजीकडे वळायचे. एखाद्या पैलवानाने फोटोला उभं राहावं तसे. या वयात ही हौस, असं म्हणून मी कपाळाला हात लावत असे.

एकदा दुकानात एक नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी काकांना बघितलं आणि बाहेर जाऊन पोलिसांना फोन लावला. थोड्या वेळात एक तरुण पोलीस आला. बिचारा अदबीने बोलत होता. पिस्तूल लावायला हरकत नाही, पण लोकांना घाबरवत हिंडायला बंदी आहे, असं त्याने समजावलं. काकांनी हातातली वस्तू पुढे केली. "ऑफिसर, माझ्या हातात दुधी आहे. कोण घाबरलंय?" हे इंग्रजीत, फक्त दुधी मराठीत. दुकानाचे मालक जयंतीभाई गल्ल्यावरून म्हणाले, की घाबरतो तो मी एकटा, कारण हे गृहस्थ भेंडीची टोकं मोडून बघतात.

पोलीस हसला आणि मग कणकेच्या पोत्यांमागे त्याला मी दिसलो. "तू यांच्याबरोबर आहेस का?" त्याने विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे माझं ग्रीन कार्ड तरंगलं. मी म्हणालो, नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, "ही इज जस्ट अ कस्टमर."

पंचाईत पुढेच होती. कॅरीत गाडीशिवाय माणूस पांगळा. मी पिशव्या घेऊन बाहेर आलो तर पोलीस त्याच्या गाडीला टेकून उभा, आणि काका काच खाली करून मला बोलावताहेत, "बस रे, तो बघत नाहीये." तो चांगला टक लावून बघत होता. मी मान खाली घालून गाडीत बसलो. मागून काकूंनी माझ्या हातात खडीसाखर ठेवली.

"घाबरलास का रे?"

"नाही काकू. लाज वाटली."

त्यांच्या सुया परत सुरू झाल्या. आम्ही दोघंही एकाच माणसापायी शरमतो आहोत, असं मला वाटलं आणि तेवढंच बरं वाटलं.

पुढे दसरा आला. मराठी मंडळाचा कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात असायचा, आणि शाळेच्या आवारात पिस्तूल गाडीतसुद्धा चालत नाही, म्हणून काका-काकू मंडळात कित्येक वर्षांत आले नव्हते. माणसांपेक्षा यांना ते लोखंड प्यारं, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे. त्या वर्षी आम्ही घरीच पूजा मांडायची ठरवली. खंडे, तलवारी आम्ही कुठून आणणार? लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्क्रू ड्रायव्हर आणि मंजिरीचा मिक्सर, असं आमचं शस्त्रागार. माझ्या ऑफिसमधली दोन कुटुंबं येणार होती. मंजिरीने सोमणांकडे जाऊन काकूंना बजावलं, की या वेळी गाडीतून उतरायचं, मला तुमची ओटी भरायची आहे. काकू हो म्हणाल्या, असं ती कौतुकाने सांगत आली.

मी मात्र काकांना वेगळं गाठलं. म्हणालो, पूजा शस्त्रांची असली तरी तेवढं तुमचं आणू नका. लहान मूल येणार आहे घरात. मूल येणार होतं हे खरं, पण मला काळजी मुलाची नव्हती, त्याच्या बापाची होती. तो माझा मॅनेजर होता.

काकांकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. त्या दिवशी त्यांनी कमरेचा पट्टा चाचपला. मग म्हणाले, "बरं. तिला सांगून बघतो." काकूंना त्यात काय सांगायचं, ते मला समजलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी काका आले. कमर मोकळी. अंगात तोच हिरवा स्वेटर, उजवीकडे नुसता पांढरा शर्ट दिसत होता. आपट्याची झाडं इकडे नाहीत, पण अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं साधारण तशीच, आणि त्या दिवसांत पिवळी होतात. काकांनी ती पिशवी भरून आणली होती. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," करत ते घरभर पानं वाटत फिरले. मॅनेजरशी मी त्यांची ओळख "आमचे सोमणकाका" अशी करून दिली. पहिल्यांदाच.

काकू कुठे आहेत, असं मी विचारलं. "गाडीत. येईल." पण काका घटकेघटकेला खिडकीशी जात होते. शेवटी मंजिरी ओटीचं ताट घेऊन बाहेर गेली आणि भरलं ताट घेऊन परत आली. काकू दार उघडत नाहीत, म्हणाली. आतून लॉक लावलंय आणि नुसते हात जोडताहेत.

काका खिडकीशीच उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा माझ्याकडे न बघता बोलले.

"एका लग्नाहून परत येत होतो. पार्किंगमध्ये एक पोरगा आला, हातात पिस्तूल. म्हणाला, गळ्यातलं दे. ही घट्ट धरून उभी राहिली. तिचे हात मी सोडवले. मंगळसूत्राचं हूक अडकतं तिचं, माझ्याशिवाय कुणाला निघत नाही. लग्नापासून मीच काढून देतो. तर तेही मीच काढलं आणि त्याच्या हातात दिलं. वर सॉरी म्हणालो त्याला. वेळ लागला म्हणून."

आत कोणीतरी मिक्सरला वाहिलेल्या झेंडूच्या फुलावरून हसत होतं.

"सगळे म्हणाले, शहाणपणा केलात. तीही तेच म्हणाली. पण मग माझ्याबरोबर बाहेर येईना. वर्षभर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. हे पिस्तूल आणलं तेव्हा पोर्चपर्यंत आली. मग मेलबॉक्सपर्यंत. मग गाडीत बसायला लागली. लांबून दिसत राहिलं की बसते निवांत. म्हणून दिसलं पाहिजे. आज उतरते म्हणाली होती."

त्या काचेपाशी ते कोणासाठी उभे राहायचे, ते मला आत्ता कळत होतं. मी त्यांना म्हणालो, काका, घरी जा आणि घेऊन या. मॅनेजरला काय वाटायचं ते वाटो.

"नको. मूल आहे ना घरात," काका म्हणाले. माझी सबब त्यांनी अगदी खरी धरली होती. मग हळू आवाजात म्हणाले, "आणि मला त्या पिस्तुलाची भीतीच वाटते रे. पहिल्यापासून."

मी मूठभर पानं घेतली. मंजिरीने ताट घेतलं. पाहुण्यांना काही न सांगता आम्ही तिघं बाहेर गाडीपाशी गेलो. काकू मागच्या सीटवर जांभळी पैठणी नेसून बसल्या होत्या, गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले, सवयीने उजवं अंग काचेकडे करून. तिथे काहीच नव्हतं. ते लक्षात येऊनही ते तसेच उभे राहिले.

मी काचेवर पान धरलं आणि सोनं घ्या काकू, म्हणालो. काच दोन बोटं खाली आली. काकूंनी पान घेतलं, कपाळाला लावलं, आणि काकांच्या मोकळ्या कमरेकडे बघत राहिल्या.

"घाबरलात का हो?" त्यांनी विचारलं.

काकांनी आजवर कुठल्याही प्रश्नाला इतकं थोडक्यात उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "तेव्हाही. आत्ताही."

कुलूप खट्कन उघडलं. दार अर्धं उघडून काकूंनी एक पाय डांबरावर ठेवला, हात लांब करून काकांच्या स्वेटरची उजवी कड धरली आणि खाली ओढली. ती पुरेना. परत ओढली.

"वारं लागतंय इथे," त्या म्हणाल्या. "पुढचा दोन्हीकडे सारखा विणते."